‘टँक’ कुणाचा? गुजरातचा, मराठीचा की पोर्तुगीजांचा?

मागच्या अंकात या सदरात घमेलं, पिंप, बालदी हे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आल्याचं लिहिलं होतं. त्यावर बडोद्याहून बरीच पत्रं आली आणि बहुतेकांनी एकाच शब्दाबद्दल विचारलं. त्यामुळे या वेळचं सगळं सदर ‘टँक’ला दिलं आहे.

प्रश्न : आमच्या शेजारच्या बेन म्हणतात, इंग्रजी ‘टँक’ म्हणजे मूळचं गुजराती ‘टांकुं’. माझे सासरे म्हणतात, गडावरचं ‘टाकं’ बघ, शब्द आपला मराठी आहे. मुलीला शाळेत बाईंनी सांगितलं की तो पोर्तुगीज आहे. खरं काय? — एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

तिघांच्याही हाती पुरावा आहे, आणि म्हणूनच या शब्दाने कोशकारांना फार दमवलं आहे. भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा मोठा कोश १८८६ साली निघाला. त्यात यूल आणि बर्नेल यांनी ‘टँक’च्या नोंदीतच कबूल केलं आहे की या शब्दाला दोन मुळं दिसतात, एक हिंदुस्थानातलं आणि एक युरोपातलं.

आधी इंग्रजीची बाजू. इंग्रजांचं पहिलं जहाज सुरतेला १६०८ साली लागलं, आणि १६१० च्या दशकात ‘टँक’ इंग्रजी लिखाणात दिसू लागतो. तेव्हा त्याचा अर्थ लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं असा नव्हता. हिंदुस्थानातला बांधीव तलाव, देवळासमोरचं पायऱ्यांचं तळं, पाणी साठवायची खोदलेली जागा, असा होता. द्रव साठवायचं कोणतंही मोठं भांडं हा अर्थ त्याच शतकाच्या अखेरीस, १६८० च्या दशकात रुळला. म्हणजे इंग्रजीत शब्द शिरला तो सुरतेच्या किनाऱ्यावरून आणि आपल्याकडची वस्तू पाहून. इतपत बेन आणि तुमचे सासरे दोघंही बरोबर आहेत.

आता बाईंची बाजू. पोर्तुगीजमध्ये ‘तांक’ म्हणजे पाण्याचा साठा. त्या भाषेत ‘एश्तांकार’ असं क्रियापद आहे, वाहतं पाणी किंवा रक्त अडवणं या अर्थाचं. स्पॅनिशमध्ये तळ्याला ‘एस्तांके’ म्हणतात. इंग्रजीत रक्त थांबवण्यासाठी ‘स्टाँच’ म्हणतात, तोही याच कुळातला. वास्को द गामाच्या १४९८ च्या सफरीची जी पोर्तुगीज रोजनिशी आहे, तिच्यात कालिकतच्या देवळाबाहेरच्या घडीव दगडांच्या तळ्याला ‘तांक’च म्हटलं आहे. पोर्तुगीजांना हिंदुस्थानात येऊन तेव्हा काही दिवसच झाले होते. दीव, वसई, दमण त्यांच्या हाती पडायला अजून अनेक वर्षं होती, आणि कालिकतला तर मल्याळम बोलतात. इतक्या लवकर गुजराती शब्द त्यांच्या तोंडी बसणं कठीण. तेव्हा तो शब्द ते घरून घेऊन आले होते असं मानायला जागा आहे.

मग आपलं ‘टाकं’ पोर्तुगीजांकडून आलं का? शंका घ्यायला कारण आहे. भांड्यांचे शब्द आपण त्यांच्याकडून भरपूर घेतले. ‘गामेला’चं घमेलं झालं, ‘पीपा’चं पिंप, ‘बाल्द’ची बालदी. मग ‘तांक’चंच टाकं का झालं नसेल?

आमच्या मते ते झालं नाही. पहिलं कारण भूगोलाचं. ‘टांका’ हा शब्द थरच्या वाळवंटात, जैसलमेर-बाडमेरकडे, पावसाचं पाणी साठवणाऱ्या गोल खड्ड्याला वापरतात. तिथे पोर्तुगीज सत्ता कधी पोचली नाही. बादली-घमेल्यासारखे शब्द किनाऱ्यावरून आत आत सरकत गेले, त्यांचा माग काढता येतो. टांका-टाकं मात्र वाळवंट, काठेवाड आणि सह्याद्रीचा माथा अशा ठिकाणी मुरलेलं आहे, आणि तिथे ते पाणी जिरवण्या-साठवण्याच्या जुन्या पद्धतीशी बांधलेलं आहे.

दुसरं कारण भाषेच्या आतलं, आणि आम्हाला तेच जास्त वजनदार वाटतं. संस्कृतात ‘टङ्क’ म्हणजे दगड फोडायची छिन्नी. मराठीत ती ‘टाकी’. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण म्हणतो ते याच टाकीबद्दल. जातं गुळगुळीत झालं की ते ‘टाकवून’ घ्यायचं, म्हणजे पाळीवर पुन्हा बारीक खाचा पाडून घ्यायच्या. ते काम करणारे ते टाकारी. गडावरचं टाकं बांधलेलं नसतं, कातळात टाकीने खोदून काढलेलं असतं. तिथून निघालेला दगड तटाला आणि वाड्यांना लागायचा आणि उरलेल्या खड्ड्यात पाणी साठायचं. टाकीने केलेलं ते टाकं, ही व्युत्पत्ती वस्तूला चपखल बसते.

‘टँक’ हा ‘तडाग’वरून आला, असंही वाचायला मिळतं. ते आम्हाला पटत नाही. ‘तडाग’चा मराठी वंशज घरातच आहे आणि तो आहे ‘तळं’. गुजरातीत ‘तळाव’, हिंदीत ‘तालाब’. ‘ड’चा ‘ळ’ किंवा ‘ल’ होणं नेहमीचं आहे. त्याच ‘तडाग’मधून ‘त’चा ‘ट’ होऊन, ‘ड’ गळून, मध्ये अनुस्वार शिरून, ‘ग’चा ‘क’ होऊन ‘टांकं’ व्हायला चार वेगवेगळे अपघात एकाच शब्दात घडायला लागतात.

तेव्हा आमचं उत्तर असं : टाकं-टांकुं आपल्याकडचं, तांक पोर्तुगीजांचं, दोघांचा जन्म वेगळा. गुजरातच्या किनाऱ्यावर सतराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्याच्या एका कानावर स्थानिक माणसाचं ‘टांकुं’ पडत होतं आणि दुसऱ्या कानावर पोर्तुगीज दुभाषाचं ‘तांक’. अर्थ एक, आवाज जवळजवळ एक. त्यामुळे तो शब्द इतक्या घट्टपणे इंग्रजीत बसला. दोन झऱ्यांचं पाणी एकत्र आल्यावर कोणता थेंब कुठला ते वेगळं काढता येत नाही. पण एक झरा आपल्याकडचा आहे, असं बेनना आणि सासऱ्यांना निर्धास्त सांगा.

प्रश्न : माझी नात गुजराती शाळेत जाते. ती ‘टांकी’ म्हणते, मी ‘टाकी’ म्हणते. तिला चूक म्हणावं का? शिवाय ‘गडावर सात टाकी आहेत’ हे वाक्य तिला पटत नाही, ती म्हणते ‘सात टाक्या’ हवं. — एक आजी, रावपुरा, बडोदे

नातीच्या उच्चाराला चूक म्हणू नका. गुजरातीत तो अनुस्वार आजही नाकातून उच्चारला जातो. मराठीतही तो होता. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) हा शब्द ‘टांकें’ असा, दोन अनुस्वारांसह आहे. पुढे मराठीच्या तोंडातून तो अनुनासिक उच्चार गेला आणि १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार लिखाणातूनही काढले. म्हणजे नात जो उच्चार करते तो तुमच्या पणजीच्या पुस्तकात छापलेला सापडेल.

‘सात टाकी’चं मात्र तुमचंच बरोबर आहे, फक्त कारण तिला समजावून सांगावं लागेल. इथे तीन वेगळे शब्द एकमेकांत मिसळतात. ‘टाकं’ नपुंसकलिंगी : एक टाकं, अनेक टाकी, जसं एक तळं, अनेक तळी. ‘टाकी’ स्त्रीलिंगी, गच्चीवरची : एक टाकी, अनेक टाक्या. आणि तिसरी पाथरवटाची टाकी, तीही स्त्रीलिंगी, तिचंही अनेकवचन टाक्या. म्हणून ‘शिवनेरीवर गंगा-जमुना नावाची टाकी आहेत’ आणि ‘आमच्या सोसायटीत दोन टाक्या आहेत’ ही दोन्ही वाक्यं शुद्ध. तिला सोपी खूण द्या : आधी ‘ते’ म्हणून बघायचं की ‘ती’. ते टाकं असेल तर टाकी, ती टाकी असेल तर टाक्या. सामान्यरूपातही फरक पडतो. ‘टाक्यात पाणी आहे’ म्हणजे कातळातल्या, ‘टाकीत पाणी आहे’ म्हणजे गच्चीवरच्या.

कपड्याचा ‘टाका’ या गोतात आणू नका. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, ‘टकि बन्धने’ असा, बांधणं या अर्थाचा वेगळा धातू दिला आहे, आणि शिवणीचा टाका त्या अर्थाला जवळचा आहे. सोनाराचं ‘टाका मारणं’, म्हणजे डाग देऊन जोडणं, तेही त्याच बाजूचं. ‘टाकसाळ’ मात्र ‘टङ्कशाला’वरून आली आहे. तिथे टंक म्हणजे ठसा उमटवलेलं नाणं, आणि ठशाच्याच अर्थाने पुढे टाइपरायटरसाठी ‘टंकलेखन’ घडवलं गेलं.

प्रश्न : आमच्या जुन्या पोळमधल्या (जुन्या दाट वस्तीच्या गल्लीतल्या) घरात चौकाखाली टांकुं आहे. वापरात नाही. इंग्रजीत याला ‘टँक’ म्हणायचं की ‘वेल’? आणि ते कसं चालायचं? — एक वाचक, वाडी, बडोदे

वेल म्हणजे विहीर. तिला जमिनीतून झरा असतो. टांक्याला झरा नसतो, नसलाच पाहिजे. बाहेरून आणलेलं पाणी आत कोंडून ठेवायचं, हाच त्याचा अर्थ. इंग्रजीत ‘सिस्टर्न’ किंवा ‘अंडरग्राउंड टँक’ म्हणा. आपल्या भाषेत यासाठी नेमके शब्द आहेत आणि ते सांभाळण्यासारखे आहेत. विहीर आणि आड झऱ्याचे. बारव किंवा गुजरातीतली वाव ही पायऱ्यांची विहीर, बडोद्याची नवलखी वाव तशीच. कुंड देवळाचं. तळं उघडं, सुरसागरसारखं. हौद बांधीव, बहुधा नळाचं किंवा नहराचं पाणी येणारा, आणि तो शब्द अरबी. टाकं झाकलेलं किंवा कातळातलं. इंग्रजीने विहीर, आड आणि वाव सोडून बाकी सगळ्यांना सरसकट ‘टँक’ म्हटलं. म्हणूनच मुंबईत गवालिया टँक आणि सी. पी. टँक ही तलावांची नावं आहेत, हैदराबादला हुसेनसागराचा बांध ‘टँक बंड’ आहे, आणि दक्षिणेतल्या तलावांच्या शेतीला सरकारी अहवालांत ‘टँक इरिगेशन’ म्हणतात.

आता ते चालायचं कसं. कौलांवरून किंवा गच्चीवरून पाणी पन्हळीत, पन्हळीतून नळीने चौकाखालच्या खोलीत. आतून चुन्याचा गिलावा, तोंड अरुंद, वर घट्ट झाकण. अंधार हा त्यातला मुख्य भाग. उजेड नाही म्हणून शेवाळ धरत नाही, आणि डासांना वाट नाही. पावसाळ्याआधी छप्पर झाडून घेत आणि पहिल्या पावसाचं पाणी नळी बाजूला वळवून सोडून देत, कारण त्यात आठ महिन्यांची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. हिशोबाने सांगायचं तर छप्पर ६० चौरस मीटर असेल तर पहिले २ मिलिमीटर सोडायचे, म्हणजे १२० लिटर. वर्षाचा पाऊस ९०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा उडून-सांडून जातो असं मानलं, तर ६० × ०.९ × ०.८, म्हणजे सुमारे ४३ घनमीटर, ४३,००० लिटर पाणी मिळतं. टांकं तीन मीटर लांब, तीन रुंद, तीन खोल असेल तर त्यात २७,००० लिटर मावतं. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज माणशी १० लिटर धरलं तर कोरड्या आठ महिन्यांना, २४० दिवसांना, १२,००० लिटर लागतात. म्हणजे एवढं टांकं दुप्पट पुरतं. दुष्काळी वर्ष गृहीत धरूनच ती मापं मोठी असत.

अशी टांकी बिघडतात ती बहुधा तीन कारणांनी. जवळच्या पिंपळाची किंवा उंबराची मुळं गिलाव्यात शिरतात. दुरुस्तीला सिमेंट वापरतात, ते जुन्या चुन्याला धरत नाही आणि सुटतं, त्यामुळे चुन्यानेच दुरुस्ती करावी. आणि शेजारून गटाराची नळी गेली की तिचं पाणी आत झिरपून टांक्यातलं पाणी बिघडतं. हे तिसरं कारण आजच्या पोळमध्ये सर्वांत धोक्याचं आहे. प्रयोगशाळेतून जंतूंची तपासणी झाल्याशिवाय ते पाणी पिऊ नका.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. वर्षानुवर्षं बंद असलेल्या टांक्यात एकट्याने उतरू नका, दुसऱ्याला उतरवू नका. आत प्राणवायू कमी असू शकतो, कुजलेल्या गाळाचा विषारी वायू असू शकतो, आणि उतरणारा काही कळायच्या आत कोसळतो. त्याला वाचवायला गेलेला दुसरा माणूस त्याच वाटेने जातो. पेटता दिवा सोडून बघायची जुनी रीत विषारी वायू दाखवत नाही. यंत्राने हवा खेळवणारे, वायू मोजणारे आणि दोराने बांधून उतरणारे प्रशिक्षित लोकच बोलवा.

प्रश्न : पाण्याची टाकी आणि लढाईतला टँक यांचा काय संबंध? मराठीत तर आपण त्याला रणगाडा म्हणतो. — एक विद्यार्थी, कारेलीबाग, बडोदे

संबंध आहे तो गुप्ततेचा. पहिल्या महायुद्धात काटेरी तारा आणि मशीनगनपुढे पायदळ कापलं जात होतं. खंदक ओलांडणारी चिलखती गाडी तयार करायला ब्रिटिश आरमाराने फेब्रुवारी १९१५ मध्ये एक समिती नेमली. तिचं नाव ‘लँडशिप कमिटी’, म्हणजे जमिनीवरच्या जहाजाची समिती. हे नावच सगळं गुपित फोडत होतं. लिंकन शहरातल्या विल्यम फॉस्टर कंपनीच्या कारखान्यात त्या पोलादी पेट्या तयार होऊ लागल्या तेव्हा कामगारांना आणि बघणाऱ्यांना सांगायला एक निमित्त हवं होतं. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या वाळवंटात पाणी वाहून नेणाऱ्या गाड्या, असं ठरलं. त्या आकाराला ते शोभतही होतं. नावासाठी ‘सिस्टर्न’ आणि ‘रिझर्व्हायर’ही चर्चेत होते. शेवटी डिसेंबर १९१५ मध्ये कर्नल अर्नेस्ट स्विंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टँक’ पक्कं केलं, एका घावात उच्चारता येतो म्हणून. पुढे काही गाड्यांवर ‘जपून, पेट्रोग्राडसाठी’ असं रशियन अक्षरांत रंगवलं होतं, म्हणजे माल रशियाला चालला आहे असं वाटावं.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत, फ्लेर-कूर्सलेत इथे, टँक पहिल्यांदा उतरले. ती पहिली जात ‘मार्क १’ : वजन सुमारे २८ टन, आत आठ माणसं, १०५ अश्वशक्तीचं इंजिन, वेग ताशी सहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे माणूस भरभर चालेल इतकाच. आणलेल्या ४९ पैकी ३२ च हल्ल्याच्या सुरुवातीच्या जागेपर्यंत पोचले. बाकीचे वाटेत बंद पडले किंवा रुतले. इंजिन माणसांच्या मधोमध, उघडं. उष्णता, धूर आणि आवाज इतका की आतली माणसं एकमेकांशी खुणांनी बोलत.

नाव तात्पुरतं होतं, पण चिकटलं, आणि ‘टँक’चा हा अर्थ तिथून जगातल्या कितीतरी भाषांत गेला. ‘रणगाडा’ हा मराठीने स्वतः घडवलेला शब्द, आणि तो मूळ नावापेक्षा जास्त काही सांगतो : रणात चालणारा गाडा. इंग्रजी शब्दाने वस्तू लपवली, मराठी शब्दाने ती दाखवली. परीक्षेत रणगाडाच लिहा. अहिल्यानगरला (पूर्वीचं अहमदनगर) चिलखती दलाचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. सहल निघाली तर तिथे अवश्य जा.

प्रश्न : ‘थिंक टँक’ आणि ‘टँक टॉप’ यांतला टँक कोणता? — एक वाचक, अलकापुरी, बडोदे

दोन्ही पाण्याचेच. ‘थिंक टँक’ अमेरिकेत आधी बोलीभाषेत डोक्याला, मेंदूला म्हणत. धोरणांचा अभ्यास करणारी संस्था हा अर्थ विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. मराठीत ‘विचारगट’ किंवा ‘अभ्यासगट’ म्हटलं की काम भागतं. ‘टँक टॉप’चा रणगाडा चालवणाऱ्यांशी काही संबंध नाही, तसं लिहिलेलं दिसलं तरी. अमेरिकेत १९२० च्या सुमारास पोहण्याच्या तलावाला ‘टँक’ म्हणत. त्यात उतरताना घालायचा बिनबाह्यांचा पोशाख तो ‘टँक सूट’, आणि त्याचा वरचा भाग १९६० च्या दशकात ‘टँक टॉप’ झाला.

प्रश्न : मोबाइलवर रोज येतं, अमुक इंग्रजी शब्द मूळ संस्कृत, तमुक मराठी. खरंखोटं घरबसल्या कसं तपासावं? — एक निवृत्त शिक्षक, मांजलपूर, बडोदे

गुरुजी, सर्वांत आधी एक लक्षात ठेवावं : उच्चार आणि अर्थ दोन्ही जुळले तरी शब्द नात्यातला असेलच असं नाही. फारसीतला ‘बद’, म्हणजे बदनाम-बदसूरतमधला, आणि इंग्रजीतला ‘बॅड’. अर्थ एक, आवाज एक. नातं काही नाही. फारसीच्या जुन्या रूपात तो ‘वद’ होता, म्हणजे जितकं मागे जावं तितके ते एकमेकांपासून लांब जातात. खरे नातेवाईक मागे गेलं की जवळ येतात. ही कसोटी एकटीच निम्मे संदेश बाद करते.

दुसरं, नातं आणि उसनवारी वेगळी. ‘नेम’ आणि ‘नाम’ हे सख्खे आहेत, पण एकाने दुसऱ्याकडून घेतलेले नाहीत. दोघांना ते एकाच पूर्वज भाषेतून मिळाले. ‘इंग्रजीने आपल्याकडून घेतला’ असं म्हणायचं असेल तर त्या भाषेत तो केव्हा पहिल्यांदा लिहिला गेला आणि कोणत्या वाटेने पोचला, हे दोन्ही दाखवता आलं पाहिजे. ‘टँक’च्या बाबतीत तारीख १६१० चं दशक आणि वाट सुरत, म्हणून आपला दावा उभा राहतो.

तिसरं, आवाजाचा नियम बघावा, पण तो लोखंडी पट्टी समजू नये. पोर्तुगीज ‘त’ मराठीत बहुधा ‘त’च राहतो : ‘त्रोंकु’चं तुरुंग, ‘मेश्त्र’चा मेस्त्री. यावरून ‘तांक’चं ‘टाकं’ होणार नाही असं म्हणायचा मोह होतो. पण लगेच ‘बटाटा’ आडवा येतो, तो पोर्तुगीज ‘बताता’च. म्हणून हा मुद्दा आम्ही वरच्या उत्तरात मुद्दाम वापरला नाही.

साधनं घरबसल्या मिळतात. मोल्सवर्थ, हॉब्सन-जॉब्सन आणि टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश, हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. क्रम असा ठेवावा : आधी मोल्सवर्थमध्ये जुनं रूप आणि अनुस्वार बघायचा, मग त्या रूपाने टर्नरमध्ये जायचं, आणि मगच हॉब्सन-जॉब्सन. उलट गेलं की इंग्रजी कोशकाराचं मत आधी डोक्यात बसतं आणि आपण त्यालाच पुरावा शोधत राहतो. मराठीत कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश हाताशी असावा. त्यातली प्रत्येक नोंद आज टिकत नाही, म्हणून टर्नरशी ताडून बघावी.

आणि बडोद्यात राहून एक ग्रंथ न पाहणं म्हणजे नुकसान आहे : सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ साली निघालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’. कारभाराच्या एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, हिंदी, बंगाली असे पर्याय शेजारी शेजारी. तो व्युत्पत्ती सांगत नाही. पण एकाच कल्पनेसाठी शेजारच्या भाषेने कोणता शब्द निवडला हे एका ओळीत दिसतं, आणि शब्दाचा शोध बरेचदा तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : मराठीतून थेट इंग्रजीत गेलेला एखादा शब्द सांगा, ज्याबद्दल वाद नाही. — एक विद्यार्थिनी, फतेहगंज, बडोदे

मुंगूस. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या शेवटी ‘मंगूस’ म्हणून आला. मराठीच्या मागे दक्षिणेत तेलुगूत ‘मुंगिस’ आहे, पण इंग्रजीला तो मिळाला तो आपल्या बाजूने. शेवटचं ‘गूस’ इंग्रजांनी आपल्या ओळखीच्या, बदक-हंसाच्या जातीच्या पक्ष्याच्या स्पेलिंगने लिहिलं. त्या पक्ष्याचा इथे काही संबंध नाही, म्हणून अनेकवचन करताना ‘गीस’ लावू नका. इंग्रजीच्या पेपरात ‘मंगूसेस’ असंच लिहा.